क्रोशाची विद्या

आदिलाबाद शहरातील एखाद्या मराठी घरात दुपारची आवराआवर झाल्यावर आपण सहज डोकावलात, तर एक दृश्य दिसण्याचा बराच संभव आहे. पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला आहे; त्याच्या पडद्यावर दोन हात दिसत आहेत; आणि समोर बसलेली मुलगी किंवा सून त्या हातांकडे पाहत पाहत आपली क्रोशाची सुई चालवीत आहे. पडद्यावरचे हात फार भरभर चालतात, म्हणून ती त्यांना मधूनच बोटाने थांबविते, मागे नेते, पुन्हा पाहते. चार साखळ्या विणते आणि दोन उसवते. जवळ बसलेली सासू चष्म्यावरून हा खटाटोप न्याहाळते आणि म्हणते, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं बाई. आम्ही शेजारच्या काकूंच्या मांडीला मांडी लावून शिकलो."

सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. परंतु न पाहिलेल्या शिक्षिकेकडून, दूर देशीच्या नमुन्यावरून, घरच्या घरी शिकणे ही गोष्ट क्रोशाच्या बाबतीत आजची नाही. या कलेचा जन्मच मुळी तशा शिक्षणाच्या सोबतीने झाला आहे. आज त्या इतिहासाकडे थोडे पाहावे, आणि त्यातून नव्याने सुई हाती घेणाऱ्या आपल्या मुलीबाळींना काय घेता येईल याचा विचार करावा, असा माझा मानस आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्रोशा फार प्राचीन आहे असे पुष्कळांना वाटते. माग प्राचीन आहे, सूतकताई प्राचीन आहे, दोन सुयांवरचे विणकामही कित्येक शतकांचे आहे. एका आकडीने दोऱ्याचा फास फासातून ओढून काढण्याच्या या कलेचा खात्रीचा पुरावा मात्र युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासूनच मिळतो. लिस पालुदान नावाच्या डॅनिश संशोधिकेने युरोपभरच्या जुन्या वस्तू आणि कागद धुंडाळून हाच निष्कर्ष काढला. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ आहे लहानशी आकडी. या नावाने छापलेली, आज ठाऊक असलेली पहिली कृती १८२३ साली 'पेनेलोपे' या डच मासिकात आली. रेशमी दोऱ्याच्या पैशांच्या पिशव्या कशा विणाव्यात हे त्या कृतीत सांगितले होते. म्हणजे या कलेच्या इतिहासाचे पहिले पान हे घरी बसून शिकणाऱ्या वाचकिणीसाठी छापलेल्या नमुन्याचे पान आहे!

असे का व्हावे? कारण क्रोशा ही मोजता येणारी आणि म्हणून लिहिता येणारी कला आहे. दोन सुयांच्या विणकामात कितीतरी टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. क्रोशात बहुधा एकच फास सुईवर राहतो. एक टाका पुरा झाला की दुसरा सुरू होतो. त्यामुळे 'सहा साखळ्या घाला, त्यांचे वर्तुळ करा, त्यात बारा खांब घाला' असे सांगितले की हजार कोसांवर बसलेल्या माणसालाही तेच फूल विणता येते. गाण्याचा सूर असा पत्राने पाठविता येत नाही. क्रोशाचे फूल येते.

ही सोय ओळखणारी एक कर्तबगार बाई पुढे इंग्लंडात निघाली. तिचे नाव एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर. १८२८ साली जन्मलेल्या या बाईने विशीच्या आतबाहेर असतानाच क्रोशाचे नमुने छापायला सुरुवात केली आणि पुढे अशी अनेक पुस्तके काढली. मध्यम वर्गातील स्त्रियांनी ती डोळ्यांसमोर धरून विणायचे. आजच्या पडद्यावरील हातांची ही पणजीच म्हणावयाची.

त्याच सुमारास शेजारच्या आयर्लंडात या सुईला निराळेच काम पडले. १८४५ ते १८४९ या वर्षांत बटाट्याच्या पिकावर रोग पडून तेथे भीषण दुष्काळ झाला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. तेव्हा मठांतील जोगिणींनी आणि काही घरंदाज स्त्रियांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस विणायला शिकविले. क्लोन्स या गावी १८४७ साली कॅसांड्रा हँड या धर्मगुरुपत्नीने बाहेरून शिक्षिका आणून हा उद्योग उभा केला. साहित्य काय लागते? एक सुई आणि थोडा दोरा. कोणी गुलाब विणी, कोणी पाने, कोणी द्राक्षांचे घोस. आणि हे सुटे तुकडे जाळीत जोडून विलायती बायकांच्या गळपट्ट्या तयार होत. त्या लेसच्या पैशावर किती घरांची चूल पेटली असेल, आणि किती जणांनी अमेरिकेच्या जहाजाचे तिकीट काढले असेल!

आता आपल्या नदीकडे येऊ. त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी नांदेडवरून बासरला येते आणि पुढे जुन्या आदिलाबाद जिल्ह्याची दक्षिण सीमा आखीत मंचेरियालवरून पूर्वेस जाते. राजमहेंद्रीच्या पुढे तिचे फाटे फुटतात, आणि वासिष्ठ गोदावरी या फाट्यावर, समुद्राच्या तोंडाशी नरसापूर हे गाव आहे. आपल्या पायाशी वाहणारे पाणी जेथे समुद्राला मिळते, तेथेच हिंदुस्थानातील क्रोशाच्या लेसचे सर्वांत मोठे केंद्र वसलेले आहे. १८४४ च्या सुमारास एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने ही कला तेथे आणली असे परंपरा सांगते. तेथून ती ख्रिस्ती घरांतून हिंदू घरांत आणि गावागावांतून खेड्याखेड्यांत पसरली. व्यापारी आले, माल परदेशी जाऊ लागला, आणि २०२४ साली या लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

नरसापूरच्या कीर्तीची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू जगापुढे मांडली ती मारिया मीस या जर्मन विदुषीने. या बाई १९६० च्या दशकात पुण्यास जर्मन भाषा शिकवीत होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे त्यांनी नरसापूरच्या परिसरात राहून लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना काय आढळले? घराबाहेर मजुरीला जाणे प्रतिष्ठेला कमी मानणाऱ्या कुटुंबांतील या स्त्रिया घरकाम सांभाळून रोज सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणीत. त्यांची मिळकत शेतमजुरीच्या दरापेक्षाही कमी पडे. व्यापारी म्हणत, "या तर गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात." जनगणनेच्या रकान्यातही त्या कामकरी म्हणून क्वचितच उतरल्या.

आणखी एक गोष्ट मीसबाईंनी टिपली आहे, आणि आपल्या विषयाला तीच अत्यंत महत्त्वाची वाटते. काम तुकड्यातुकड्यांनी वाटलेले होते. एका बाईने फुलेच करावयाची, दुसरीने ती जोडावयाची. सगळा नमुना, गिऱ्हाईक आणि भाव व्यापाऱ्याच्या हाती. जिने आयुष्यभर एकच फूल विणले, तिला त्या फुलाचा टेबलावरचा रुमाल कोठे जातो आणि किती किमतीला जातो हे कळण्याचा मार्ग नव्हता. टाका तिला येत होता. सबंध नमुना तिच्या हाती कधी पडला नाही. या दोहोंमध्ये केवढे अंतर असते ते नरसापूरने दाखवून दिले.

महाराष्ट्रात आणि मराठी घरांत क्रोशाचा संसार निराळा झाला. येथे तो बाजारात फारसा गेला नाही. तो रुखवतात जाऊन बसला. ताटावरचे झाकण, दाराचे तोरण, उशीच्या अभ्र्याची किनार, बाळंतविड्यातील टोपडे आणि मोजे ही त्याची ठिकाणे. ज्या रेडिओतून अशी भाषणे ऐकली जात, त्या रेडिओवरही पांढऱ्या दोऱ्याचे आच्छादन घातलेले असे! महिलांच्या मासिकांतून नमुने छापून येत. ते कापून, वहीत चिकटवून ठेवले जात. आणि मुलीच्या लग्नात ती वही पेटीत घालून दिली जाई. काकूंच्या मांडीशी शिकलेल्या आमच्या सासूबाईंच्या काकू तरी कोठून शिकल्या होत्या? बहुधा अशाच एखाद्या वहीवरून.

आदिलाबादच्या मराठी मुलीपुढे मात्र एक अडचण पुण्या-नाशिकच्या मुलीपेक्षा अधिक आहे. हा जिल्हा सीमेवरचा. निजामाच्या राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी मुलखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २०१४ साली तो तेलंगणात आला, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे चार जिल्हे झाले. पैनगंगेच्या या काठावरची कितीतरी घरे आजही मराठी बोलतात. त्यांतील पुष्कळ मुली शाळेत तेलुगू वाचतात आणि बाजारात हिंदी बोलतात. महिलांच्या मराठी मासिकाचा अंक त्यांच्या हाती क्वचितच पडत असे. २०१६ च्या सप्टेंबरापासून मोबाइलचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि ही कोंडी फुटली. २०२० च्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या अनेकींनी तेव्हाच प्रथम सुई हाती धरली.

पण दार उघडले म्हणजे घर सापडलेच असे नाही. पडद्यावर शिकविणारी एक बाई हिंदीत सांगते, दुसरी तेलुगूत, तिसरी इंग्रजीत. आणि इंग्रजीतही अमेरिकेची रीत एक आणि इंग्लंडची दुसरी. अमेरिकन बाई ज्या टाक्याला 'सिंगल क्रोशे' म्हणते, त्यालाच इंग्लिश बाई 'डबल क्रोशे' म्हणते. आणि अमेरिकेचा 'डबल' हा इंग्लंडचा 'ट्रेबल' होतो. नवशिकी मुलगी एकीचा नमुना दुसरीच्या रीतीने विणते आणि रुमालाची टोपी होते, किंवा टोपीचा रुमाल. मग ती स्वतःच्याच हाताला दोष देते.

येथे आपली मराठी परिभाषा किती नेमकी आहे पाहा. सुईवर वेढा न घेता विणलेला तो मुका खांब. एक वेढा घेऊन विणलेला तो खांब. दोन वेढे घेतले की लांब खांब. नावातच कृती आहे. माझी सूचना अशी की, कोणत्याही भाषेतील कृती हाती आली की आधी ती कोणत्या रीतीची आहे ते पाहावे, आणि मग ती साखळी, मुका खांब आणि खांब या शब्दांत वहीत उतरून घ्यावी. उतरताना निम्मे समजते आणि उरलेले विणताना समजते.

भाषेच्या पलीकडे जाणारी आणखी एक वाट आहे, ती चिन्हांच्या आकृतीची. लंबगोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, आणि डोक्यावर आडवी व अंगावर तिरपी रेघ असलेला दांडा म्हणजे खांब. जपानी पुस्तकांतून अशा आकृत्या मुबलक असतात. जपानीचे एक अक्षर न येणारी मुलगीही त्या पाहून विणू शकते. चलचित्र पाहून एक वस्तू येते. आकृती वाचता आली की हजार वस्तूंचे दार उघडते. म्हणून चार-दोन वस्तू विणून झाल्या की नवशिकीने आकृती वाचायला शिकावे, हे मी आग्रहाने सांगेन.

आता अगदी आरंभीच्या गोष्टी. बारीक दोरा आणि नखासारखी पोलादी सुई घेऊन सुरुवात करू नये. टाके दिसत नाहीत आणि डोळे शिणतात. फिकट रंगाची मध्यम जाडीची लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घ्यावी. तेलंगणातील कडाक्याची थंडी आदिलाबादचीच, तेव्हा पहिली टोपी वाया जाणार नाही! हात बसला की सुती दोऱ्याकडे वळावे. आपला जिल्हा काळ्या मातीचा आणि कापसाचा. उन्हाळ्यात अंगाला आणि घराला सुतासारखे सुखाचे दुसरे काही नाही.

प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजावेत. कडेचा टाका नवशिकीला दिसत नाही. तो सुटतो, आणि चौकोनाचा नकळत त्रिकोण होतो. मुक्या खांबाचा गोल विणताना पहिल्या फेरीत ६ टाके असतील, तर पुढे १२, मग १८, मग २४ असे दर फेरीस ६ वाढले पाहिजेत. कमी वाढले तर गोलाची वाटी होते. जास्त वाढले तर कडेला झालर पडते. ही झालर पाहून खंत करू नये. डाइना ताइमिना या मूळच्या लात्वियाच्या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली टाके मुद्दाम वाढवीत अशीच झालर विणली, आणि भूमितीतील एक वक्र पृष्ठ, जे कागदावर नीट दाखविता येत नव्हते, ते अमेरिकेतील आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात दिले. नवशिकीची चूक आणि गणितज्ञाची प्रतिमा यांत अंतर एवढेच की, बाईंनी टाके मोजले होते.

पडद्यावरच्या शिक्षिकेत एक उणीव मात्र आहेच. ती आपला हात पाहू शकत नाही. दोरा फार आवळून धरला आहे, सुई उलट्या बाजूने घातली आहे, हे शेजारची काकू एका नजरेत ओळखते आणि बोटे धरून सरळ करते. म्हणून सासूबाईंना मी म्हणेन, चष्म्यावरून नुसते पाहू नका. जरा पुढे सरका. नमुना पडद्याने द्यावा आणि हात घरातल्या माणसाने सुधारावा, असा योग जुळला तर दोन्ही पिढ्यांचे भले आहे.

असा योग दूर दूरच्या बायकांतही जुळतो. सुभाश्री नटराजन यांनी इंटरनेटवरून उभ्या केलेल्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या समूहात गावोगावच्या स्त्रिया एकत्र आल्या. प्रत्येकीने आपापल्या घरी विणलेले चौकोन चेन्नईस एकत्र जोडले गेले आणि ३१ जानेवारी २०१६ रोजी ११,१४८.५ चौरस मीटरांचे क्रोशाचे पांघरूण जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले. एकराचा हिशेब केला तर ते पावणेतीन एकरांच्या आसपास जाते! नरसापूरलाही तुकडे जोडले जात आणि येथेही तुकडेच जोडले गेले. येथे मात्र तुकडा विणणारीला संबंध पांघरूण कशासाठी आहे ते ठाऊक होते, आणि त्यावर आपलाही हक्क आहे ही जाणीव तिला होती.

श्रोतेहो, खरा क्रोशा विणणारे यंत्र कारखान्यात आजही चालत नाही. यंत्रावर निघते ते त्याचे अनुकरण. म्हणजे दुकानात टांगलेली क्रोशाची प्रत्येक खरी वस्तू कोणाच्या तरी हाताने, टाक्यावर टाका घालीत, विणलेली असते. ती शंभर-दोनशे रुपयांना मिळत असेल, तर स्वस्त काय झाले याचा विचार घेणाऱ्याने करावा. दोरा स्वस्त झालेला नाही.

आणि विणणारीनेही करावा. आज शिकलेली मुलगी उद्या चार वस्तू विकील. पडद्यावरून नमुना फुकट मिळाला असेल, तर तो रचणारीचे नाव सांगण्याइतका प्रामाणिकपणा तिने ठेवावा. तिलाही कोणी 'फावला वेळ' म्हणून गप्प केले असेल. स्वतःच्या वस्तूचे मोल ठरविताना दोऱ्याच्या किमतीवर थांबू नये. पहिल्या दिवसापासून वहीत दोन आकडे मांडावेत. एक टाक्यांचा आणि दुसरा तासांचा. टाके मोजले नाहीत तर वीण बिघडते. तास मोजले नाहीत तर विणणारीची गत नरसापूरच्या त्या बाईसारखी होते.

दोनशे वर्षांपूर्वी एका मासिकाच्या पानावरून सुरू झालेली ही विद्या पणजीच्या पुस्तकातून, काकूंच्या वहीतून, आता पिठाच्या डब्याला टेकलेल्या पडद्यावर आली आहे. आपल्या मुली सबंध नमुना पहिल्यांदाच असा फुकट आणि आपल्या घरात पाहत आहेत. त्यांनी तो नीट मोजून घ्यावा, आणि त्यांच्या दुपारीला यापुढे घरात कोणी फावला वेळ म्हणू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.